लाखेची मोहोर

मिस्त्रीला लोक 'कुलूप' म्हणत. पाठीमागे म्हणत, पण त्याला ते ठाऊक होतं, आणि कोण कोण म्हणतं तेही. बंदुका दुरुस्त करायचं त्याचं दुकान. लोखंडाचं काम त्याचं, लाकडाचं त्याच्या साडूचं. घरात सख्ख्या बहिणी, दुकानात दोघे साडू, असं अर्धं आयुष्य एका छपराखाली गेलेलं. तरी मिस्त्री जेवायला उठला की कानशींचा खण बंद करून किल्ली कमरेला लावायचा.

"न्या, न्या," साडू म्हणायचा. "कानशी चावून माझं पोट भरत नाही."

कामात मात्र मिस्त्रीने कधी अंग चोरलं नाही. रायफल तयार झाली की ती उलटी धरून तो दस्त्याच्या पेचांवर तापल्या लाखेचा थेंब सोडायचा आणि त्यावर नख उमटवायचा. मधे कुणी हात घातला तर लाख फुटलेली दिसायला हवी.

टेलरबाईंची बोल्टची रायफल नळी झिजली म्हणून आली. बाई दिवसभर शिवणयंत्रावर वाकायच्या आणि सुट्टीच्या दिवशी क्लबात नेम धरायच्या. संघाची निवड जवळ आली होती. मिस्त्रीची पाठ धरली होती, म्हणून नवी नळी आणायला साडू गेला. मिस्त्रीने ती बसवली, साडूने दस्त्यातली खाच तिच्या मापाने रुंद केली. क्लबाच्या मैदानावर मिस्त्रीने स्वतः गोळ्या झाडल्या. सगळी भोकं कोटाच्या एका बटणाखाली झाकली जातील इतकी जवळ. त्याने लाख लावली. काम संपलं.

संपायला हवं होतं. पण दुकान बंद करताना त्याच्या मनात पाल चुकचुकली. आपण हात धुवायला गेलो तेव्हा साडू त्या रायफलपाशी का उभा होता? मिस्त्रीने लाख टोकरून फोडली, पेच काढून पाहिला, पुन्हा आवळला, पुन्हा लाख लावली.

दोन दिवसांनी बाई परत आल्या. टेबलावर कागदी लक्ष्य पसरलं. भोकं दाणे फेकल्यासारखी चहूकडे.

"मिस्त्री, हात माझा बिघडला की तुमचा?"

मिस्त्री कामाला लागला. दुर्बीण बदलली. दुसऱ्या डब्यातल्या गोळ्या घेतल्या. नळी लाकडाला घासते का पाहायला दोन्हींमधून कागदाची पट्टी ओढली, ती सुरळीत निघाली. नळीचं तोंड भिंगाखाली पाहिलं, कुठे ओरखडा नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही त्याची रीत. दर खेपेला तो पेच उघडायचा, आवळायचा, लाख लावायचा आणि मैदानावर जायचा. दर खेपेला भोकं आणखी पांगायची.

त्याने हिशेब मांडला. लाख शाबूत, म्हणजे बाहेरच्या कुणी उघडलेली नाही. पहिल्या दिवशी नशिबाने साथ दिली असेल. उरली नळी. नळी कुणी आणली?

साडू रंधा मारत होता. त्याच्यादेखत मिस्त्रीने विक्रेत्याला फोन लावला आणि खणखणीत आवाजात विचारलं, तुम्ही दिली तीच नळी माझ्या हातात आली की वाटेत बदलून हलकी झाली? विक्रेत्याने नंबर पडताळून सांगितलं, नळी आमचीच. मिस्त्रीला वाटलं, दोघे मिळालेले असणार.

रंधा थांबला होता.  साडू पटाशा एकेक पुसून फडक्यात गुंडाळू लागला.

घरी बातमी आधीच पोचली होती. बायको म्हणाली, "अहो, आता बहिणीच्या दारात मी कोणत्या तोंडाने जाऊ? आणि तो गेला तर लाकडाचं काम कोण करणार, तुमचं कुलूप?" मिस्त्री खाली मान घालून जेवला.

सकाळी साडू उरलेलं सामान न्यायला आला. मिस्त्रीची एकच तपासणी राहिली होती, आणि ती एकट्याने होणारी नव्हती. दस्त्याच्या टोकाशी नळीवर बोट ठेवून पुढचा पेच सैल करायचा. रायफल टेबलावरच्या पकडीत आवळली तर पकडीचाच ताण यायचा. ती माणसानेच धरायला हवी. मिस्त्रीने शेवटी तोंड उघडलं.

"जरा पेच फिरवता?"

"चोराच्या हातात किल्ली देताय, साडूबुवा?"

तरी त्याने पेच फिरवायची किल्ली घेतली. पेच अर्धा फिरला आणि मिस्त्रीच्या बोटाखाली नळी उसळली. म्हणजे लोखंड लाकडावर सपाट बसलंच नव्हतं, कशावर तरी उचललेलं होतं. दोघांनी दस्ता वेगळा केला. लोखंड बसतं त्या बैठकीत, पेचाच्या भोकाभोवती, लाल चुरा दाबून बसलेला. लाख फोडली की तिचे कण भोकातून आत पडत, आणि पेच आवळला की तिथेच ठेचले जात.

साडूने नखाने एक कण उचलला. "लाकूड माझं. हे लाल कुणाचं?"

 साडूनेच बैठक खरवडून साफ केली, मिस्त्रीने पेच आवळले. मैदानावर भोकं पुन्हा बटणाखाली आली. बाई रायफल घेऊन गेल्या. साडूने मात्र पटाशांचं गाठोडं सोडलं नव्हतं.

"फोन लावा," तो म्हणाला. "काल विचारलंत तेवढ्याच आवाजात सांगा."

मिस्त्रीने फोन लावला. नळी चांगली होती, चूक माझी होती, असं तो पुटपुटला.

"मला ऐकू आलं नाही."

मिस्त्रीने पुन्हा सांगितलं. रस्त्यावरचा एक माणूस वळून पाहून गेला.

साडूने गाठ सोडली आणि पटाशा जागच्या जागी लावल्या. "उद्यापासून येतो," तो म्हणाला. "पण नळ्या आणायला यापुढे तुम्ही जायचं. मी शिवणार नाही."

तेव्हापासून दुखरी पाठ घेऊन मिस्त्री जातो. विक्रेता नळी देण्याआधी तिच्यावरचा नंबर त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतो. एकदा वाचून विक्रेत्याचं समाधान होत नाही.