पुढं काही लिहिलेलं नाही

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, पाळकांना नाही, प्रार्थनेत डोळे मिटूनसुद्धा कधी नीट उच्चारलेलं नाही. तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही — म्हणूनच बहुतेक जमतंय.

आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर रोज सकाळी 'आजचे मनन' येतं, ते मी लिहिते. एक शास्त्रभाग, दहा-बारा ओळी, शेवटी लहानशी प्रार्थना. घाटनांदूरच्या एक बाई म्हणतात, ताई, तुमचं वाचलं की दिवस बरा जातो. बरा जातो! यंदा ईस्टरला पाळकांनी योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय माझ्याकडे दिला. लिहिलं. पडलेल्याला प्रभू पुन्हा उभं करतो, वगैरे. लोकांनी जोडलेल्या हातांची रांग लावली. मी फोन पालथा ठेवला आणि भांडी घासायला बसले.

आत्याबाईंना — माझ्या सासूबाईंना — वाचता येत नव्हतं. शेवटच्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं आणि त्या खाटेला खिळल्या. दुपारच्या चहानंतर त्यांना बायबल वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. सून शिकलेली, मग दुसरं कोण? वाचायचे मी. ओठ हलायचे, मन भलतीकडंच असायचं.

राग होता माझा. जुना. लग्नानंतर चार वर्षांनी माझं अंगणवाडीच्या मुलाखतीचं पत्र आलं होतं. पोस्टमननं ते आत्याबाईंच्या हातात दिलं, आणि त्यांनी ते लोणच्याच्या बरणीखाली घातलं — तेल गळतं म्हणून. मला सापडलं तेव्हा मुलाखत होऊन तीन आठवडे झाले होते. कागद तेलानं लडबडलेला, त्यात माझं नाव. "मला काय ठाव बाई, कागद तर हाय," म्हणाल्या. मुद्दाम केलं, की खरंच कळलं नाही? आजही सांगता येत नाही. पण मी ठरवूनच टाकलं — मुद्दाम. तसं धरलं की राग करायला सोपं जातं.

आता त्या दुपारचं सांगते. सांगायलाच बसलेय ना?

त्या दिवशी आत्याबाई आपणहून बोलल्या. तरुणपणी ऊसतोडीला गेल्या होत्या, तिथलं. शेजारच्या पाचटाच्या कोपीतल्या बाईनं सहज विचारलं — "तुमी किरिस्ताव हाव का वो?" कुणी दमदाटी केली नव्हती. पण पाण्याचा हापसा एकच, टोळीत किरिस्तावाचं घर आपलं एकटं — या भ्याल्या. "न्हाई वो, आमी कशाला?" म्हणाल्या. त्यांची पाच वर्षांची लेक शेजारीच उभी होती. ती म्हणाली, आई, आपण येशूची गाणी म्हणतो की. आत्याबाईंनी तिच्या तोंडात मारली. ती पोर पुढच्याच साली तापानं गेली.

"लेकरू खरं बोललं, अन् म्या न्हाई म्हणले," त्या म्हणाल्या. "कुणाला सांगू नको गं." मग माझ्या मांडीवरच्या पुस्तकाकडं बघत — "त्यो येशूचा शिष्य पेत्र बी न्हाई म्हणला व्हता की, येशूला वळखत न्हाई म्हणून. कोंबडा आरवला, तितवर आयकलंय म्या. पुढं काय झालं त्याचं? येशूनं त्याला पुन्यांदा जवळ केलं का?"

अहो, उत्तर माझ्या मांडीवर होतं! योहानाचा शेवटचा अध्याय — मरणातून उठलेला येशू, तळ्याकाठचा विस्तव, भाजलेली मासळी, सकाळची न्याहारी. त्याच पेत्राला येशूनं तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती आहे का — आणि तिन्ही वेळा आपली मेंढरं, म्हणजे आपली माणसं, त्याच्याच हवाली केली. आत्याबाईंनी पोरवयात तलवाड्याकडं मेंढरं राखलेली. आपली मेंढरं कुणाच्या हवाली करायची म्हणजे काय, हे त्यांना माझ्याहून जास्त कळलं असतं.

मी लूकचं शुभवर्तमान काढलं. पेत्र नाही म्हणाला, कोंबडा आरवला, पेत्र बाहेर जाऊन रडला — तिथपर्यंत वाचलं आणि पुस्तक मिटलं.

"कावून मिटलंस? पुढं?"

"पुढं काही लिहिलेलं नाही, आत्या."

जीभ अडखळली असेल म्हणता? छे! चांगली खणखणीत बोलले. आणि — इथं हात थांबतोय — मला बरं वाटलं. बरणीखालचा कागद आठवला. मनात म्हटलं, घ्या आता. कळू द्या, न वाचता येणं म्हणजे काय असतं ते.

दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं. तिसऱ्या दिवशी आलं असतं. नंतरचे चार महिने मी रोज वाचत होते — स्तोत्रं वाचली, नीतिसूत्रं वाचली, योहान तेवढा उघडला नाही. त्यांनी पेत्राचं नाव पुन्हा काढलं नाही. पडल्या पडल्या गाणी गुणगुणायच्या, तेही थांबलं. मला दिसत होतं सगळं. दिसत नव्हतं असं म्हणणार नाही.

जायच्या आधीच्या आठवड्यात पाळक प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या माणसांनी खायची भाकर, घेऊन घरी आले. भाकर ओठांपाशी नेली, तर आत्याबाईंनी तोंड फिरवलं. "न्हाई. मला न्हाई चालायची ती." पाळकांनी पुन्हा हात पुढं केला. "मला न्हाई," त्या म्हणाल्या आणि तोंड घट्ट मिटून घेतलं.

पाळकांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, शुद्ध नाही त्यांना, काहीबाही बोलतात.

शुद्ध होती. माझं बोलणं त्यांनी ऐकलं. चादरीखालून हात काढून त्यांनी माझं मनगट दाबलं — मी त्यांचं गुपित झाकलं म्हणून. माया होती हो त्या हातात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

पाळकांनी भाकर परत पांढऱ्या कापडात गुंडाळली. बायबल माझ्या दुसऱ्या हातात होतं. योहानाचं ते पान उघडायला कितीसा वेळ लागला असता? मी पुस्तक उशाशी ठेवलं, मनगट सोडवून घेतलं, आणि पाळकांसाठी चहा टाकायला आत गेले.