नवलूरचा चढ आणि बसण्णाचं स्प्रॉकेट

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. ते आपले साचत जातात. मग कधीतरी चार मित्र एकत्र बसतात, चहा येतो, कुणीतरी म्हणतं, "ती लाल गाडी आठवते का रे?" आणि झालं! पुढचा तासभर दुसरा विषय निघत नाही. आमच्या कंपूचे निम्मे किस्से त्या एका गाडीचे आहेत, आणि माझ्या घरात जे काही चांगलं झालं, त्यातला बराच वाटा तिच्या एका दातेरी चक्राचा आहे. म्हणून हसता हसता मी मनातल्या मनात हात जोडत असतो.

कंपू म्हणजे तिघंच. मी अनंत, हुबळीच्या बाजारात आमचं खणांचं दुकान. आजोबा मिरजेकडून आले, ते इथलेच झाले. दुसरा गंगाधर, आमच्या मागच्या गल्लीत त्याची पिठाची गिरणी. तिसरा बसण्णा, कमरीपेठेत त्याचं लेथचं वर्कशॉप. बसण्णाचा आवाज लेथपेक्षा मोठा. तो शेजारच्या माणसाशीही पलीकडच्या रस्त्यावरचा असल्यासारखा बोलायचा.

गाडी गंगाधरच्या म्हापशाच्या मामाची. पोर्तुगीज होते तेव्हा गोव्यात बाहेरचा माल सुखानं यायचा, त्यातच ही इटालियन मोटारसायकल आलेली. लहानशी, लाल टाकीची, दिसायला फार गोड. टाकीवर लिहिलेलं नाव आमच्यापैकी कुणालाच धड उच्चारता येईना, म्हणून आम्ही तिला नुसतं 'इटली' म्हणायचो. मामा थकले तशी ती गंगाधरकडे आली, आणि त्यानं ती सरळ माझ्या दारात आणून उभी केली. "मी दिवसभर पिठात असतो. ही दोन दिवसांत पांढरी होईल. तू वापर," म्हणाला. इतक्या सहज दिलेली वस्तू मला त्यानंतर कुणाकडून मिळालेली नाही.

*

ती दारात आली आणि दुसऱ्याच महिन्यात तिला काम मिळालं. माझ्या बायकोला, सुमतीला, धारवाडच्या कॉलेजात बी.एड.ला प्रवेश मिळाला. ही पंच्याहत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. लग्नाला वर्ष झालेलं. तिला शिक्षिका व्हायचं होतं, आणि हे तिनं लग्नाआधीच मला सांगितलं होतं. प्रश्न अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा होता.

अप्पा 'नाही' म्हणाले नाहीत. त्यांनी अट घातली. सूनबाई बसच्या गर्दीत धक्के खात जाणार नाहीत. नवऱ्यानं न्यायचं, नवऱ्यानं आणायचं. "आणि ज्या दिवशी आमच्या घरची सून भर रस्त्यानं पायी जाताना कुणी पाहिली, त्या दिवशी कॉलेज बंद." अप्पांचा शब्द म्हणजे दुकानातला भाव. एकदा सांगितला की त्यात खालीवर नाही.

आम्ही आनंदानं हो म्हटलं. गाडी होतीच की!

पहिल्याच दिवशी वाटेतलं विद्यानगर, उणकल झोकात पार झालं. नवलूरला चढ लागला आणि इटली धापा टाकायला लागली. एकट्याला ती कुठंही न्यायची, पण दोघांना घेऊन चढ चढणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं. अखेर सुमती उतरली, पदर डोक्यावरून पुढं ओढून भराभर चालायला लागली, आणि मी वर जाऊन झाडाखाली तिची वाट बघत उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

हुबळी-धारवाड रस्ता म्हणजे आमचं अंगणच. बसमधून जाणारा प्रत्येक तिसरा माणूस ओळखीचा. आठवडाभरात अप्पांच्या कानावर गेलं, की तुमचा अनंत रोज सकाळी नवलूरच्या झाडाखाली एकटाच उभा असतो. नशीब, पदराआडची बाई कुणी ओळखली नव्हती. अप्पांनी जेवताना विचारलं, तिथं काय करतोस. मी म्हटलं, इंजिन तापतं, त्याला जरा विसावा द्यावा लागतो.

अप्पांनी मान हलवली. "यंत्रानं विसावा मागितला तर समजू शकतो," ते म्हणाले. "माणसानं मागू नये."

सुमतीनं भात वाढता वाढता माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला कळलं. हे असं महिनाभरही चालणार नव्हतं.

*

गंगाधर म्हणाला, सोपं आहे. गिरणीत मोटारीवरची पुली मोठी बसवली की दगड जोरात फिरतो, हे तो रोज बघत होता. गाडीतही तेच. इंजिनाकडचं लहान चक्र मोठं करायचं, की ताकद आलीच! आम्हाला लगेच पटलं. बसण्णानं त्याच संध्याकाळी पुढं मोठं स्प्रॉकेट, म्हणजे ते दातेरी चक्र, बसवून दिलं.

दुसऱ्या दिवशी विद्यानगरातून आम्ही असे सुटलो, की सुमतीनं माझा शर्ट पाठीमागून घट्ट धरला. इतका वेग त्या गाडीनं गोव्यातही पाहिला नसेल. मी मनात गंगाधरला आशीर्वाद देत होतो.

नवलूरचा चढ दिसला मात्र, आणि इटली पायथ्यालाच बंद पडली. आधी निदान मला तरी घेऊन चढायची, आता तीही सोय गेली. सुमती पुढं चालतेय आणि मी मागून गाडी ढकलतोय, अशी वरात वर पोचली.

संध्याकाळी गंगाधरला सांगितलं, तर त्यानं शांतपणे पीठ झटकलं. "पण सपाटीवर मजा आली की नाही?"

*

मग बसण्णानं सूत्रं हातात घेतली. आमच्या दोघांच्या अकलेचा त्यानं इतक्या मोठ्यानं उद्धार केला की कमरीपेठेतले दुकानदार बाहेर येऊन उभे राहिले. त्याला स्वतःलाही हे पुढचं चक्र बसवतानाच कळायला हवं होतं, हे त्याला सांगायची कुणाची हिंमत झाली नाही. पुढचं मूळचं लहान चक्र परत बसवायचं आणि मागच्या चाकाचं मोठं करायचं. वेग जाईल, पण गाडी ओढेल. मागचं चक्र किती मोठं करायचं, एवढाच प्रश्न उरला.

त्यानं मला विचारलं, ओझं किती? मी माझं वजन सांगितलं. मग तो घुटमळला, इकडेतिकडे बघायला लागला, चहा मागवला. जन्मात पहिल्यांदाच बसण्णाचा आवाज खाली आलेला मी ऐकला. पण त्याला नक्की काय विचारायचंय ते काही बोलेना. शेवटी "असू दे, मी बघतो" म्हणाला आणि लेथकडे वळला.

चार दिवसांनी सुमतीला घेऊन गाडी आणायला गेलो. मागच्या चाकाला जे चक्र लागलं होतं, ते बघून आम्ही गारच झालो. घरात भाकरी थापायची परात असते, तेवढं! चाक लहान वाटत होतं.

सुमतीनं चक्राभोवती एक फेरी मारली. "बसण्णा, तुम्ही ह्यावर कुणाला बसवणार आहात?"

बसण्णा लाजून अर्धा झाला. "नोडरी अक्का, बघा," तो म्हणाला, "मित्राच्या बायकोचं वजन विचारायचं आमच्यात नसतं. मग कमी कशाला धरू? भरपूर धरलं."

सुमती इतकी हसली की तिला तिथल्या स्टुलावर बसावं लागलं. त्या काळात सुमती वाऱ्यानं उडेल अशी होती. बसण्णानं दोन सुमती आणि वर एक ज्वारीचं पोतं धरलं होतं.

पण दुसऱ्या दिवशी नवलूरचा चढ इटली अशी चढली, की जणू तिथं चढ नव्हताच. सुमती मागं बसलेली होती. वर पोचल्यावर मी त्या झाडाखाली सवयीनं थांबलो, तर ती म्हणाली, "आता कशाला थांबताय? चला." तिचा आवाज भरून आला होता. माझाही आला असता, पण मला गाडी चालवायची होती.

*

एवढ्या मोठ्या चक्रावर मूळचं झाकण बसेना. उघड्या चेनमध्ये साडी अडकली तर संपलंच. गंगाधरनं आपल्या चुकीची भरपाई म्हणून तेलाचा रिकामा डबा कापून स्वतः झाकण बनवलं. बनवलं छान, फक्त रंग द्यायचा राहिला. डब्यावरची 'शुद्ध शेंगदाणा तेल' ही अक्षरं वर्षभर धारवाडात फिरत होती.

कॉलेजात एका मैत्रिणीनं सुमतीला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तुमच्याकडे डबा घरपोच मिळतो का गं?"

*

बसण्णानं सांगितल्याप्रमाणे वेग मात्र गेला. इंजिन जीव खाऊन ओरडायचं आणि गाडी बैलगाडीच्या पुढं जेमतेम जायची. आम्ही घरातून उजाडतानाच निघायला लागलो. बसमधले लोक खिडकीतून हात करायचे. पण ह्या संथपणाचाही सुमतीनं उपयोग करून घेतला. मागं बसून ती मोठ्यानं धडे पाठ करायची. बालमानसशास्त्र, पाठाचं नियोजन, फळ्याचा वापर, सगळं माझ्या कानाशी. मला आजही कुणी झोपेतून उठवून विचारलं, तर मुलाचं लक्ष कशानं टिकतं ते मी सांगेन.

उणकलचा फकीरप्पा दूध घालून सायकलीनं रोज त्याच वाटेनं जायचा. आमचा वेग त्याला सोयीचा पडला. तो बाजूनं सायकल मारत ऐकत राहायचा, मधूनच कानडीत शंका विचारायचा, आणि सुमती कानडीतच समजावून सांगायची. ती नंतर म्हणायची, की ह्यामुळंच तिचं पाठांतर पक्कं झालं.

एकदा सुमतीला ताप आला, तीन दिवस खंड पडला. चौथ्या दिवशी फकीरप्पा उणकलच्या वळणावर सायकल धरून आमची वाट बघत उभा.

"अक्का," तो म्हणाला, "मुलांना शिक्षा करावी की करू नये, तिथपर्यंत आलो होतो."

*

आणि मग शेवटचा पेपर.

नवलूरच्या अर्ध्या चढावर खाडकन आवाज झाला आणि चेन तुटून रस्त्यावर पडली. मागं वळून बघेपर्यंत सुमती उतरली होती. तिनं पेन आणि प्रवेशपत्र मुठीत धरलं आणि चालायला लागली. ह्यावेळी तिनं पदरही पुढं ओढला नाही. धारवाड अजून लांब होतं. चालत ती वेळेवर पोचणार नव्हती, हे तिला कळत होतं आणि मलाही.

तेवढ्यात हुबळीकडून बस आली. आम्हाला ओलांडून पुढं गेली आणि थांबली. दार उघडलं आणि अप्पा उतरले. धारवाडला कुणा पाव्हण्याकडे निघाले होते. पांढरंशुभ्र धोतर, काळा कोट, टोपी.

वर्षभर सांभाळलेलं शेवटच्या दिवशी गेलं, असंच मला वाटलं. बसच्या सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर आलेली, त्यातली निम्मी आमच्या बाजारातली. सुमती रस्त्याच्या कडेला मान ताठ ठेवून उभी होती.

अप्पांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते तिच्यापाशी गेले. "सूनबाई, चढा. खिडकीजवळची जागा माझी आहे, तिथं बसा." मग कंडक्टरला कानडीत बजावलं, की हिला स्टँडवर नाही, कॉलेजच्या दारात उतरवायचं.

बस गेली. रस्त्यावर आम्ही दोघंच राहिलो. अप्पांनी वाकून ती तेलकट चेन उचलली, हातात धरून उलटीसुलटी करून पाहिली आणि गाडीच्या मागं येऊन उभे राहिले. मी म्हटलं, अप्पा, तुम्ही राहू द्या. त्यांनी ढकलायला सुरुवात केली होती.

वर पोचेपर्यंत चार-दोन बस गेल्या. अप्पांनी लोकांपासून एकदाही तोंड वळवलं नाही.

संध्याकाळी घरी आलो, तर आई दारातच थबकली. धोतरावर काळे पट्टे, कोटाच्या बाह्या तेलानं माखलेल्या. दुकानात खणावर बोट लागलं तर नोकराला हात धुवायला पाठवणारा माणूस! तिनं घाबरून विचारलं, अहो, हे काय करून आलात?

"सूनबाईंचा पेपर होता," अप्पा म्हणाले, आणि त्यांनी साबण मागितला.