शेवंतीचा गूळ

मेघनाने प्रफुल्लला पहिल्यांदा पाहिलं ते डोंबिवलीत, मानपाडा रोडवर अडकलेल्या एका वरातीत. डीजे दणाणत होता, नवरदेवाचे मित्र रस्त्यात लोळून नाचत होते आणि पांढरी घोडी, लगाम सैल असूनही, जागची हलत नव्हती. तिच्यापुढचा सडपातळ माणूस मध्येच तिच्या कानावरचा गोंडा सारखा करायचा. मेघना रिक्षातून उतरून जवळ गेली. गोंड्याखाली, घोडीच्या कानात, कापूस होता.

“सहन होत नाही हो तिला,” तो ओशाळून म्हणाला. “नुसती उभी राहते. फटाके जास्त झाले की दुसऱ्या दिवशी चाऱ्याला तोंड लावत नाही.”

मेघना शिळफाट्याजवळच्या घोडेस्वारीच्या शाळेत ड्रेसाज शिकवायची. शर्यत नाही, उड्या नाहीत. आखलेल्या मैदानात घोड्याने ठरलेल्या चाली स्वाराच्या हलक्या इशाऱ्यावर, शांतपणे करून दाखवायच्या. या खेळाच्या राष्ट्रीय महासंघाची पहिली परीक्षा जो पास होईल, त्याला शाळा मदतनीस शिक्षक म्हणून घ्यायची आणि त्याच्या घोड्याला तबेल्यात जागा द्यायची. तिने हे तिथेच त्याला सांगितलं, पण प्रफुल्लने यातलं शेवटचं तेवढं नीट ऐकलं. वडील शिवराम गेल्यापासून ही घोडी, शेवंतीच, त्याचं घरदार चालवत होती, आणि वरातींतून तिला सोडवायला त्याला दुसरी वाट सापडली नव्हती.

वालधुनीला घरी आई रंगूबाईंनी ऐकून घेतलं. “म्हणजे लग्नात नाचायचं सोडून साहेबासमोर नाचायचं. फरक काय रे?”

“तिथे बँड नसतो, आई.”

“मग नाचणार कशावर? तुझ्या डोक्यावर?”

वर्षभर तो शिकला. चाली शेवंतीने भराभर उचलल्या. परीक्षेच्या दिवशी महासंघाच्या पंचबाई मैदानाच्या टोकाला, पलीकडे टेबल मांडून बसल्या होत्या. स्वाराने आत येऊन मैदानाच्या मधोमध थांबायचं, पंचांना सलाम करायचा आणि मग पहिली चाल. शेवंती ऐटीत आत आली. पण मधोमध थांबलीच नाही. हद्दीची बुटकी पाटी ओलांडून सरळ टेबलाशी गेली आणि फुलदाणीवरून मान लांब करून तोंड पुढे केलं.

का, ते एकट्या प्रफुल्लला कळलं. मांडवाच्या दारात वरात थांबली की करवली घोडीला गूळ भरवते. समोर फुलं, फुलांमागे जरीच्या साडीतली बाई. शेवंतीच्या लेखी मांडव आला होता.

“मॅडम, ती... गूळ मागतेय,” तो पुटपुटला.

पंचबाईंना हसू आवरेना. पण हद्द ओलांडली म्हणजे बाद, महासंघाचा नियम तोच. “पुढच्या वर्षी या,” त्या म्हणाल्या, “आणि जेवून या हो.”

मग मेघनाने सरावाला रंगूबाईंनाच पंच केलं. ठेवणीतली साडी, समोर झेंडूची फुलं, हात रिकामे. गूळ मिळेल तो सगळ्या चाली संपवून मैदानाबाहेर, प्रफुल्लच्याच हातून. पण टेबलाशी आलेल्या शेवंतीचं तोंड पाहून रंगूबाईंना राहवेना. पदराआडून खडा निघायचाच.

“अहो रंगूबाई, पंचांनी लाच नसते हो द्यायची!”

“घ्यायची नसते. मी कुठे घेते?”

“आई,” प्रफुल्ल घोडीवरूनच म्हणाला, “तू तिला परत वरातीत पाठवतेयस.”

दुसऱ्या दिवशी रंगूबाई पदर खोचून, दोन्ही हात टेबलावर ठेवून बसल्या. शेवंतीने बराच वेळ वाट पाहिली. असे कितीतरी दिवस गेले, आणि एकदा ती आपण होऊन मधोमध थांबली.

पुढच्या परीक्षेला पंचबाई त्याच, फुलदाणीही तीच. शेवंती आत आली, मधोमध थांबली. कान फुलांकडे टवकारले. प्रफुल्लने लगाम आवळला नाही. मानपाडा रोडवर धरला होता तसाच सैल राहू दिला. घोडीचा एक कान हळूच मागे, त्याच्याकडे वळला. त्याने सलाम केला. ती उभी राहिली.

बाकीच्या चाली ठीकठाक झाल्या, एकीत तर पाय चुकलाच. प्रफुल्ल काठावर पास झाला.

आता तो शाळेत सकाळची तुकडी शिकवतो. वालधुनीहून पहाटे निघतो तेव्हा रंगूबाई त्याला दोन कप्प्यांचा डबा देतात. एकात भाजी-भाकरी असते, दुसऱ्यात गूळ.