मी न दिलेली हाळी

प्रिय ओवी आणि निहार,

हे आत्ताच लिहायचं कारण असं की तुमची आई, माझी नमू, या हिवाळ्यात पुन्हा उत्तर ध्रुवाकडच्या गोठलेल्या समुद्राच्या बर्फावर अभ्यासाला जाणार आहे. गेल्या रविवारी फोनवर ती हसत म्हणाली, "आता मला वादळाची भीती नाही गं आई. तू आहेस ना तिकडे." त्या वाक्याने माझी झोप उडाली आहे. पाच वर्षं मी एक गोष्ट तिच्यापासून लपवली. हेच पत्र तिलाही पाठवते आहे.

मी लोणावळ्याच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. भुतंखेतं, नवस, अंगात येणं — यातल्या कशावर माझा विश्वास नव्हता. मुलींनी वर्गात असले विषय काढले की मी त्यांना नकाशे भरायला बसवत असे. आजही विश्वास बसला आहे असं म्हणणार नाही. फक्त जे घडलं ते क्रमाने सांगते.

पाच वर्षांपूर्वीचा जानेवारी. वलवणचं आपलं घर, स्वयंपाकघर. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. घरात मदतीला असणाऱ्या हौसाबाई — तुमच्या हौसामावशी — खाली बसून सुपात तांदूळ निवडत होत्या. तेवढ्यात तुमच्या बाबांचा फोन आला. आवाज अगदी सपाट होता.

"आई, जहाजावरून निरोप आलाय. मोठं वादळ आहे. नमू आणि दोघं जण बर्फावर उपकरणं काढायला गेलेत, दोन किलोमीटरवर. मध्ये बर्फ फाटलाय. रेडिओ लागत नाहीये."

"किती वेळ?"

"दोन तास झाले... जहाजावरच्या माणसांना शोधायला जाता येत नाहीये. दिसतच नाही काही."

मी फोन ठेवला. समोर सगळं स्वच्छ होतं. ऊन होतं, धरणाची भिंत दिसत होती. शेजारच्या बंगल्यात मुंबईचे पाहुणे लॉनवर खुर्च्या टाकून बसले होते.

तिथे एवढी थंडी, म्हणजे वादळात बर्फ आणखी जाड होत असेल, असं मलाही वाटायचं. नमूने एकदा याच ओट्यापाशी मला समजावलं होतं. वादळ दक्षिणेची ऊबदार हवा घेऊन येतं, आणि वरून हिम टाकतं. हिम म्हणजे गोधडी. तिच्याखाली बर्फाला वरची थंडी लागत नाही, तो जाड व्हायचा थांबतो. वारा मात्र त्याला ढकलतो, दुधावर फुंकर मारली की साय फाटते आणि एकीकडे चुण्या होऊन गोळा होते, तसा. फाटलेल्या जागी पाणी उघडं पडतं. त्यावर पातळ पापुद्रा धरतो, पापुद्र्यावर हिम पडतं, आणि वरून सगळं सारखंच पांढरं दिसतं. माणूस फसतो तो तिथे.

हे सगळं मला माहीत होतं, म्हणूनच मी खुर्ची ओढून बसले.

हौसाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "काय झालं बाई?"

मी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग हाळी द्या की."

हाळी तुम्हाला माहीत नसेल. आपल्या मावळात पावसाळ्यात धुकं इतकं उतरतं की बांधावरून पुढचा बांध दिसत नाही. भाताच्या खाचरात गेलेल्या माणसाला वाट सापडावी म्हणून घरची बाई उंबऱ्याशी उभी राहून लांब हेल काढून हाक देते. तिचा एक नियम असतो — देणाऱ्याने जागा सोडायची नाही, आणि माणूस दारात येईपर्यंत थांबायचं नाही.

"अहो, काहीतरीच काय," मी म्हणाले. "सात-आठ हजार किलोमीटर लांब आहे ती."

"लांब असू द्या. धुक्यातच हाय न्हवं? तुमी देत न्हाई तर मी देते."

"नको. शेजारी माणसं बसलीत."

हे मी म्हणाले. माझी मुलगी बर्फात हरवलेली असताना मला लॉनवरच्या अनोळखी माणसांची लाज वाटली.  हौसाबाईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. त्यांच्या हातातून एकही दाणा निवडला जात नव्हता.

साडेचारला फोन आला. तिघंही जहाजावर पोचली होती.

आठवड्याने नमू व्हिडिओ कॉलवर आली. गाल काळेनिळे. "आई, तू हाक मारत होतीस का गं?" मी काही म्हणायच्या आत ती सांगतच सुटली. बर्फात उभ्या असलेल्या जहाजापर्यंत वाटेवर झेंड्यांच्या काठ्या रोवलेल्या असतात; काही झालं तरी काठ्या सोडायच्या नाहीत हा पहिला धडा. तिघं काठ्यांच्या रांगेनेच चालली होती. तेवढ्यात उजवीकडून बाईची हाक आली. न थांबता, एकाच जागेवरून. आधी तिला वाटलं वारा असेल, मग जहाजाचा भोंगा. शेवटी तिने काठ्या सोडल्या; बाकीच्या दोघांनाही हाक तिथूनच ऐकू येत होती, आणि त्या हाकेच्या रोखाने तिघं जहाजाशी पोचली. दुसऱ्या दिवशी कळलं, बर्फ मधोमध फाटून पलीकडचा तुकडा बाजूला सरकला होता. काठ्यांची रांग सरळ हिमाखालच्या पापुद्र्यावर जात होती; हाकेच्या बाजूला मात्र बर्फ जाड होता.

"अगं, तू अगदी हौसामावशीसारखी हाक मारत होतीस," ती म्हणाली.

मागे त्या दोघांपैकी एक सहकारी उभा होता, उंच, लाल दाढीचा. मराठीचा एक शब्द त्याला येत नाही. त्याने तोंडाभोवती हात धरून मला तो हेल काढून दाखवला. "हिकडं येऽऽ... हिकडं..."

हौसाबाई माझ्या खुर्चीमागेच होत्या. मी वळून पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

नमूने पुन्हा विचारलं, "तूच ना?"

मी "हो" म्हणाले. तिचा चेहरा इतका उजळला होता... आणि खरं सांगायचं तर, हाळी दिली नाही हे कबूल करायची हिंमत माझ्यात नव्हती.

कॉल संपल्यावर मी हौसाबाईंना विचारलं, "मनातल्या मनात तरी दिली होतीत का?"

"मनातली हाळी कुणाला ऐकू जातीया, बाई? आन् तुमी नको म्हणाला, मग मी कशाला देतीया?"

गेल्या रविवारी नमूचं बोलणं मी त्यांना सांगितलं.  त्या म्हणाल्या, "तिला खरं सांगा. दारात कुणी उभं हाय असं समजलं, की माणूस धुक्यात लांबवर शिरतंय."

तर नमू, मी उभी नव्हते. मी खुर्चीत बसले होते. कुणी हाक दिली, तिघांनाही ती एकाच दिशेने कशी ऐकू आली, हे मला आजही सांगता येत नाही. भूगोल शिकवणाऱ्या बाईला याची फार लाज वाटते. पण वादळाचा अंदाज आला की तू जहाजावरच थांब. माझ्या भरवशावर एकही पाऊल टाकू नकोस.

त्या वर्षीचा बर्फ आता कुठेच नाही. उन्हाळ्यापर्यंत तो दक्षिणेला वाहत गेला आणि काठ्या-झेंड्यांसकट समुद्रात वितळला. त्याच्यावरून चालत आलेली तीन माणसं तेवढी आहेत.

तुमची आजी