फुग्याची दाढी

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर सलूनवाल्यांचा उजवा हात लुळा पडला आणि जीभ मात्र आणखी धारदार झाली. बायको घास भरवायला आली की ते तोंड फिरवायचे. मुलगा रोज सकाळी दाढी करून द्यायचा, तेव्हा तर तळपायाची आग मस्तकात जायची.

"घाबरतोस काय? गाल आहे, काच नाही."

"बाबा, हलू नका ना."

जन्मभर दुसऱ्यांना हेच सांगत आलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागत होतं. त्यांनी घरात बजावलं होतं, माझी दाढी मी केल्याशिवाय दुकानाची पायरी चढणार नाही. दुकान घराच्या खालीच. कात्रीचा आवाज आला की ते खिडकी लावून घ्यायला सांगायचे.

हॉस्पिटलात एक थेरपीवाली ताई होती. खाणं, आंघोळ, कपडे, अशी रोजची कामं पुन्हा आपल्या हाताने करायला ती शिकवायची. तिने त्यांच्यापुढे बोटांनी उचलून भोकांत बसवायच्या रंगीत खुंट्यांची पाटी ठेवली. त्यांनी ती भिरकावली.

"मी बालवाडीत आलोय का?"

"उचला," ती म्हणाली. तीही तापली होती. "आणि उचलता उचलता सांगा, काय करायचंय तुम्हाला."

"दाढी."

पुढच्या वेळी तिने रेझरच्या मुठीला जाड स्पंज गुंडाळून आणला, कमजोर बोटांतून निसटू नये म्हणून. त्यांचं कोपर टेबलावर टेकवलं आणि फेस फासलेला फुगा समोर धरला. फट्. फेस तिच्या चष्म्यावर. ते फुग्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे, ती पुढचा फुगवायची. असे कित्येक आठवडे गेले. मग एक फुगा शाबूत राहिला.

"आता चेहरा," ती म्हणाली आणि आरसा पुढे सरकवला.

मुलगा शेजारीच होता. हनुवटीखाली दाढीचा एक पट्टा राहिलेला दिसताच त्याचा हात रेझरकडे गेला.

"हात मागे," ती कडाडली. "घरी सगळे मिळून सगळं करून देता, मग यांचा हात हलणार कधी?"

"ऐक," सलूनवाले म्हणाले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना कुणाचं तरी पटलं होतं.

त्या संध्याकाळी ते पट्ट्यासकट दुकानात जाऊन बसले. खुर्चीतलं जुनं गिऱ्हाईक आरशातून बघत राहिलं.

"कुणी केली हो दाढी?"

"मी. काही म्हणणं आहे?"

"नाही, नाही. छान झालीय."

"छान नाही झालेली," सलूनवाले खेकसले. "डोळे तपासून घे."