पोटहिस्से

२०२०च्या ऑक्टोबरमध्ये, एका मंगळवारी, माझा नवरा गेला. सकाळी त्याने चहा केला होता. दुपारी हॉस्पिटलातून फोन आला.

आयर्लंडमधल्या नास गावातल्या घरात त्याची पुस्तकं आणि मी राहिलो. तो जवळच्या मेनूथ विद्यापीठात तेल आणि वायूच्या कायद्यावर संशोधन करत असे. मी पुण्यात इंग्रजी शिकवलेली, त्याच्या पुस्तकांवरची फक्त धूळ पुसणारी.

जानेवारीत शेजारच्या आयरिश आजींनी मला कुंपणापाशी हाक मारली. कोविडमुळे तेव्हा कुणी कुणाला घरात घेत नव्हतं. त्यांचा भाऊ तरुणपणी अमेरिकेला गेला आणि तिथेच वारला. तिथलं शेत त्याने विकून टाकलं होतं, पण शेताखालच्या तेलावायूचा हक्क स्वतःकडे ठेवला होता. तो आता बहिणीचा झाला होता, आणि एक कंपनी तो भाडेपट्ट्याने मागत होती.

"इथे माझ्या बटाट्यांखाली तेल लागलं तर ते सरकारचं," आजी म्हणाल्या, "आणि तिकडे न पाहिलेल्या शेताखालचं माझं! कंपनीचा कागद तुझ्या नवऱ्याकडेच राहिलाय. तो वाचून सांगणार होता. भावाचं माझ्याकडे एवढंच आहे गं, ते हातचं जायला नको."

कागद त्याच्या बॅगेत सापडला. समासात पेन्सिलीने, मराठीत लिहिलं होतं : 'पोटहिस्से वेगळे करून घ्या.'

मला वाटलं, पोट म्हणजे जमिनीचं पोट. वरची जमीन एकाची, पोटातलं दुसऱ्याचं. ते तर भावाने आधीच वेगळं केलं होतं. मी कागद कुंपणावरून परत दिला आणि म्हणाले, "काळजीचं काही नाही. करा सही."

"ग्रँड," आजी म्हणाल्या, म्हणजे छान. "सोमवारी टपालात टाकते."

रविवारी दुपारी वर्ध्याहून सासऱ्यांचा फोन आला. जेवलीस का, गोळ्या घेतल्यात का, एवढेच आमचे फोन असत. त्या दिवशी काहीतरी बोलायचं म्हणून मी कागदाची गोष्ट सांगितली. सासरे जन्मभर तलाठी होते.

"कोनं सांगतलं तुले, पोट म्हंजे जमिनीचं पोट?" ते हसले. मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा. "एवढी शिकली तू! अवं, एका गटाचे तुकडे पडले का त्याले पोटहिस्से म्हंतेत. त्या वावराचे किती तुकडे हायेत?"

कागदाचा फोटो माझ्या फोनमध्ये होता. तुकडे तीन होते. एका कलमात लिहिलं होतं की कुठल्याही एका तुकड्यावर तेलाची विहीर चालू असेपर्यंत तिन्हींचा पट्टा चालू राहील. म्हणजे उरलेले दोन तुकडे कंपनी वर्षानुवर्षं नुसते अडवून ठेवू शकली असती. मालकांच्या हक्कांवरचं त्याचं पुस्तक मी पहिल्यांदाच उघडलं. पट्ट्याची मूळ मुदत संपल्यावर ज्या तुकड्यातून काहीच काढलं नाही तो मालकाला परत, अशी अट मालक घालून घेऊ शकतो. नवऱ्याने समासात तेच मागायला सांगितलं होतं.

"मंग आता पय ना," सासरे म्हणाले, "फोन काय धरून बसली!"

मी घरातल्या चपलांवरच पळाले. आजींनी दारातून पाकीट दाखवलं, तिकीट लावलेलं. मी धापा टाकत सगळं सांगितलं.

"तुझे सासरे वकील आहेत का?"

"नाही. तलाठी. वकील त्यांच्याकडे कागद मागायला यायचे."

आजींच्या वकिलाने नवी अट लिहून पाठवली. कंपनीने कुरकुर केली आणि वसंतात मान्य केली. आजींनी माझे आभार मानले, तेव्हा मला संकोच झाला. चूक माझी होती, आणि ती वेळेत कळली ती सासऱ्यांमुळे. शिवाय आजींनी कागद मागितला नसता, तर ती पुस्तकं मी कधीच उघडली नसती.

आता दर रविवारी सासरे आणि मी तासभर बोलतो. तो कसा होता, हेही बोलतो.