मकदूमच्या दोन फळ्या

चंद्रमौळी टॉकीजचा मकदूम डोअरकीपर सिनेमा बघायचा नाही. चौतीस वर्षं तो पडद्याकडं पाठ करून, स्टॉलच्या मोठ्या दरवाजाला खांदा टेकून उभा राहिला. बघायचा ते पब्लिकला. आणि शुक्रवारचा पहिला खेळ सुटला की तोंडातनं एक शब्द न काढता तो आपलं मत सांगून टाकायचा.

दरवाजा सागवानी, दोन फळ्यांचा, थेट रस्त्यावर उघडणारा. पिक्चर चांगला असला की मकदूम दोन्ही फळ्या सताड उघडायचा. भिकार असला की एकच. हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं. तो नवानवा कामाला लागला तेव्हा एका पडेल पिक्चरला आत अकरा माणसं होती. अकरा माणसांसाठी वरची कडी काढा, खालची कडी काढा, कोण करत बसतंय म्हणून त्यानं एकच फळी ढकलली. पुढच्या खेळाच्या रांगेतल्या एकानं ते बघितलं, बाहेर पडणाऱ्यांची तोंडं बघितली आणि मुकाट्यानं रांग सोडली. पुढं दोन-चार शुक्रवार तसंच झालं. मग चहाच्या गाड्यावर, रिक्षा स्टँडवर, चादरीच्या कारखान्यात लोक एकमेकांना विचारायला लागले, ‘चंद्रमौळीला किती फळ्या?’ मोबाइलवर कोण किती चांदण्या देतंय याला त्या रस्त्यावर किंमत नव्हती.

एकदाच त्यानं भिकार पिक्चरला दुसरी, खोटी फळी उघडली होती. थोरल्या मालकांनी हात जोडले म्हणून. त्या दिवशी दुधनीकडचा बिरप्पा नावाचा मेंढपाळ टमटम करून बायको, सुना, नातवंडं असं सगळं घर घेऊन आला. पिक्चर सुटल्यावर तो दारात थांबला, मकदूमकडं नुसता बघत राहिला आणि गेला. ‘दोन शिव्या हाणला असता तर बरं झालं असतं,’ मकदूम त्या दिवशी घरी बायकोला, बिस्मिल्लाला, म्हणाला होता. तिनं एवढंच सांगितलं, ‘फिर मत करो.’ त्यानं पुन्हा केलं नाही.

या शुक्रवारी सकाळी धाकट्या मालकांनी, शिवलिंगप्पांनी, त्याला ऑफिसात बोलावलं.

‘बसा मकदूमभाई.’

मकदूम खुर्चीच्या कडेवर टेकला. त्या खोलीत त्याला कुणी कधी बसवलं नव्हतं.

‘पंखवाला दोन आठवडे चालला तर टॉकीज राहतंय,’ मालक म्हणाले. ‘न्हाई चालला तर मंगल कार्यालयवाले जागा घ्यायला दारात उभेच हायत. अकरा माणसं हायत आपली कामाला. तुमाला काय नवीन सांगायचं.’

‘न्हाई मालक.’

‘आज दोन्ही फळ्या.’

‘बघतो आन उघडतो की.’

‘बघा म्हणलो न्हाई मी. उघडा म्हणलो.’

पंखवाला म्हणजे तो शेकडो कोटींचा पिक्चर. त्याचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक. रांगेतल्या कुणाची जीभ त्याला वळेना म्हणून गावानं पंखवाला करून टाकलं. हिरोला लोखंडी पंख, छातीत निळा दिवा, आणि पाठीमागं सगळी दुनिया जळणारी. गेले दोन महिने चौकाचौकात त्याचेच फलक होते. अकलूजकडची पोरं दोन जीपगाड्या भरून सकाळीच आली होती, ताशा घेऊन. बाराच्या खेळाची तिकिटं तर चार दिवस आधीच लोकांनी मोबाइलवर उडवली होती. स्टॉलच्या सहाशे खुर्च्यांत एक मोकळी नव्हती. तिथंच मकदूमचा हिशेब चुकला, पण ते त्याला तीन तासांनी कळणार होतं.

खेळ सुरू झाला. तो दाराला टेकला आणि कान लावला.

त्याची खूण होती चपला. सोलापूरचं पब्लिक खुर्चीत बसलं की पहिल्यांदा पायातनं चपला काढतं. रंगलं की त्या खुर्चीखाली कुठं गेल्या याचं भान राहत नाही. कंटाळलं की पाय अंधारात चपला चाचपायला लागतात, फरशीवर खरड खरड सुरू होते. माणूस तोंडानं खोटं बोलेल, वशिल्यानं टाळ्या वाजवेल, पण पायाला काय सांगणार? अर्ध्या थेटरातनं खरड आली की मकदूमची एक फळी पक्की.

आज मात्र काही सुधरेना. हिरो पहिल्यांदा उडाला तेव्हा पुढच्या सहा रांगा खुर्च्यांवर चढल्या, कागदाचे तुकडे उडाले, ताशा घुमला. त्याच वेळी मधल्या रांगांत एका बाईनं डबा उघडून पोराला शेंगाचटणी-भाकरी चारायला घेतली. मागं कुणीतरी घोरत होतं. हिरोची आई ढिगाऱ्याखाली सापडली तशी बायकांच्या बाजूला पदर डोळ्याला लागले, आणि पुढची पोरं शिट्ट्या मारून ओरडली, ‘ए, उडव की त्याला लवकर.’ त्यावर बायकांतनं एकीनं झापलं, ‘गप बस, तुला आई हाय का न्हाई?’

इंटरव्हलला मकदूम बाहेर आला. साडेतीनच्या खेळाची रांग आत्ताच कोपऱ्यापर्यंत गेली होती. पुढंच धम्मदीप रिक्षावाला उभा. त्यानं आज दिवसभराच्या सवाऱ्या सोडल्या होत्या. बरोबर बायको राजश्री आणि दोन मुली. वर्षातनं एकदा सगळं घर मिळून टॉकीजला यायचं, आणि ते मकदूमच्या दोन फळ्यांवर, असा त्याचा नेम.

‘मामू, कसं काय?’ धम्मदीपनं विचारलं.

‘सुटू दे.’

‘तोंड उतरलंय तुमचं.’

‘उपाशी हाय.’

‘चपला वाजल्या का?’ मोठ्या मुलीनं, चैतालीनं, हसत विचारलं. मकदूम हसला नाही. वर ऑफिसच्या खिडकीत शिवलिंगप्पा उभे होते. त्यांचा एक हात गजावर होता.

दुसऱ्या अर्ध्यात तर पब्लिक जास्तच फाटलं. पंखवाला शहर वाचवायला निघाला, आणि पडद्यावर शहर राहिलंच नाही, नुसता धूर. पुढच्या रांगा बेहोश. मधल्या रांगांतनं मोबाइलचे उजेड काजव्यांसारखे लागायला लागले. अडीचच्या सुमाराला पहिली खरड आली. मग आणखी. मकदूमनं डोळे मिटून घेतले आणि मोजत राहिला: डावीकडनं, मागनं, बायकांकडनंही. पुढची पोरं ओरडत होती म्हणून आवाज दबत होता, पण येत होता. अर्ध्याच्या वर गेला. थोडासाच वर.

त्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकत असू. कान म्हातारे झालेत. अकरा माणसांची घरं एका बाजूला आणि फरशीवरची खरड दुसऱ्या बाजूला. आपण कोण लागून गेलोय? मग चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं वळून पडद्याकडं बघितलं. लोखंडी पंखाचा माणूस दुसऱ्या लोखंडी माणसाला इमारतीवर आपटत होता. आणखी एका इमारतीवर. मकदूमनं दहा मिनिटं मनापासून बघितलं. कोण कुणाचा कोण, त्याला कळलं नाही. एवढं मात्र कळलं की पडद्यावरच्या त्या माणसाला घरी जायची घाई नव्हती, आणि आपल्या पब्लिकला होती.

एक फळी, त्यानं ठरवलं.

तीनला पाच कमी असताना पडद्यावर शेवटची नावं यायला लागली. मकदूमनं उजवी फळी ढकलली आणि नेहमीसारखा बाहेर जाऊन उभा राहिला. डावीच्या दोन्ही कड्या आतनं लावलेल्या तशाच ठेवल्या. ऊन डोळ्यात घुसलं. रस्त्यावरचा कलकलाट एकदम बसला. रांगेतनं कुणीतरी म्हणालं, ‘एकच हाय.’ दुसरा म्हणाला, ‘थांब की, उघडंल.’ मकदूमनं वर बघितलं नाही. मालक खिडकीत असणार हे त्याला न बघता माहीत होतं.

पहिली शंभरेक माणसं सरळ बाहेर आली. मग दारात गर्दी तुंबली. आणि मकदूमच्या डोक्यात उजेड पडला. आजवर एक फळी उघडली ती साठ-सत्तर माणसांसाठी. पडेल पिक्चरला थेटर भरतंय कुठं? आज मोबाइलवरच्या तिकिटांनी कुणाच्या मताची वाट न बघता थेटर भरून टाकलं होतं. आत सहाशे माणूस, आणि बाजूच्या दाराला जीपवाल्यांनी आपल्या गाड्या चिकटवून लावलेल्या.

‘ढकलू नका रे,’ आतनं बाईचा आवाज आला. मग पोराचं रडणं. बंद फळी आतल्या भारानं कुरकुरली.

‘मागं सरा,’ मकदूम ओरडला. कुणी ऐकलं नाही. मागच्यांना पुढचं दिसत नव्हतं, आणि पुढच्यांना मागं जाता येत नव्हतं. तो लोंढ्यात आडवा शिरला, छातीवर कोपरं खात आत गेला. बंद फळीला चिकटून सिद्धम्मा होती, गावाच्या पूर्व भागातली विडी वळणारी म्हातारी. कडेवर नातू, गाल लाकडावर दाबलेला, श्वास तोंडानं चाललेला.

‘मकदूमअण्णा,’ ती एवढंच म्हणाली.

वरची कडी निघाली. खालची निघेना. फळीवर भार असल्यामुळं ती भोकात रुतून बसली होती. मकदूम खाली बसला. डोक्यावरून पाय जात होते, कुणाची टाच खांद्यावर आदळली. त्यानं दोन्ही हातांनी कडी धरली, हिसडा दिला. हलली नाही. कुणाचा तरी बूट त्याच्या उजव्या बोटांवर पडला आणि तिथंच राहिला. बोटात काहीतरी कटकन वाजलं. त्यानं बोटं काढली नाहीत. फळीला पाठ लावून त्यानं माणसांवर खांदा रेटला, अण्णा, बाबा, भावा करत इंचभर जागा केली, आणि त्या इंचभर सैलीत कडी वर आली.

फळी धाडकन उघडली. माणसं रस्त्यावर सांडल्यासारखी बाहेर आली. सिद्धम्मा पायरीवर बसली, नातवाला चाचपून बघत. पोर रडत होतं, म्हणजे ठीक होतं.

आणि रस्त्यावर आरोळी झाली, ‘दोन, दोन उघडल्या.’ तिकिटाच्या खिडकीवर रेटारेटी सुरू झाली.

बाहेर पडलेल्यांत तर वादाची जत्राच भरली होती.

‘आरं उडाला कसा, काय पंख, काय आवाज. अजून काय पायजे?’ अकलूजचा एक पोरगा सांगत होता.

‘तीन तास धुरळा खाल्ला नुसता,’ एक गिरणीतला माणूस म्हणाला. ‘कोण कुणाला हाणतंय, लिहून द्यायला पायजे होतं.’

‘तुझ्या वयाला झेपत न्हाई काका.’

‘माझ्या वयाला लय झेपतंय. तुझ्या पिक्चरला गोष्ट झेपंना.’

‘एवढं गाव वाचवलं,’ सिद्धम्मा पायरीवरून कुणालाही उद्देशून म्हणाली, ‘आईला पाणी विचारला न्हाई. पर रडवलं मेल्यानं.’

धम्मदीप रांग धरूनच दोन पावलं पुढं आला. मकदूमची बोटं रुमालात होती आणि रुमाल लाल होत होता.

‘मामू, हाताला काय झालं?’

‘काय न्हाई.’

‘बरं मग, एक धरायची का दोन? आधी एक बघितली मी. आता दोन हायत.’

आजूबाजूची दहा-पंधरा तोंडं वळली. मकदूमला मागं पावलं ऐकू आली. शिवलिंगप्पा जिना उतरून आले होते आणि त्याच्या पाठीशी उभे होते. मकदूमनं आता नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. दोन्ही फळ्या उघड्या होत्याच, आणि त्या त्यानंच उघडल्या होत्या. त्यात खोटं काय होतं?

‘पहिली माझी,’ मकदूम म्हणाला. ‘दुसरी माणसं चेंगरत होती म्हणून काढली.’

‘म्हंजे एक.’

‘हौ. एक.’

बातमी रांगेतनं मागं गेली. माणसं सुटी व्हायला लागली; बायकांनी पिशव्या खांद्याला लावल्या, कुणी चहाच्या गाड्याकडं गेलं. कोपऱ्यापर्यंतची रांग बघता बघता निम्मी झाली. अकलूजच्या पोरांतला एक तावातावानं पुढं आला. ‘ह्या म्हाताऱ्याच्या फळीवर पिक्चर ठरवताय व्हय? आमी परत बघणार.’ आणि तो खरंच रिकाम्या झालेल्या जागेत उभा राहिला. त्याच्यामागं त्याचे पाच-सहा मित्र.

‘पप्पा,’ चैताली म्हणाली, ‘आपण बघू या की.’

‘मामू एक म्हणालेत.’

‘मामूंना न्हाई आवडला. आमाला आवडंल की.’

धम्मदीपनं मकदूमकडं बघितलं, परवानगी मागितल्यासारखं. मकदूमनं हातानं जा म्हणून खूण केली. राजश्री मुलींना घेऊन तिकिटाच्या खिडकीकडं गेली. धम्मदीप रिक्षात जाऊन बसला. ‘तुमी या बघून,’ त्यानं तिथनं सांगितलं, ‘मी हितंच हाय.’

आता दारात दोघंच राहिले. शिवलिंगप्पांनी त्या खालच्या कडीला हात लावून बघितला. वाकलेली होती ती.

‘म्हातारी गेली असती,’ ते म्हणाले.

‘व्हय.’

‘तुमच्या एका फळीपायी.’

‘व्हय मालक.’

रांगेकडं बघितलं तर निम्मं थेटर भरेल इतकी होती. निम्म्यावर दोन आठवडे निघत नाहीत, हे दोघांनाही कळत होतं.

‘साडेतीनपासनं माणसं आत घेताना आन सोडताना दोन्ही फळ्या उघड्या,’ मालक म्हणाले. ‘रोज. बारा म्हैने. पिक्चर कसला का असंना.’

मकदूमनं मान हलवली. त्यानं आतनं सुतळी आणली आणि डावी फळी भिंतीतल्या खिळ्याला बांधायला घेतली. उजवा हात चालेना. डाव्या हातानं गाठ बसेना. दोनदा सुटली, फळी परत आडवी आली.

‘सोडा, मी बांधतो.’

‘तुमाला न्हाई जमायचं मालक. फळी धरा तेवढी.’

शिवलिंगप्पांनी दोन्ही हातांनी फळी भिंतीशी दाबून धरली. मकदूमनं सुतळीचं एक टोक दातात धरलं, दुसरं डाव्या हाताला गुंडाळलं आणि ओढलं. आतनं घंटा झाली. चैताली आणि तिची बहीण पहिल्याच आत शिरल्या. मागनं ती अकलूजची पोरं. मकदूमच्या दातात सुतळी होती, म्हणून तिकिटं फाडायला मालकांनीच एक हात मोकळा केला.